जुन्या एमएक्स-५चं स्टिअरिंग थरथरतं, ब्रेक दाबला की गाडी ओढते: आधी काय तपासायचं आणि अपग्रेड कधी करायचं

हे सगळं पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ बद्दल आहे. १९८९ ते १९९७ या काळातली, हेडलाइट वर उघडणारी गाडी. जपानमधून आयात झालेली युनोस रोडस्टर म्हणजेही हीच. मी ब्रिटनमध्ये राहते आणि माझ्या हाताखालून गेलेल्या या गाड्यांमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. मालकाने मोठे ब्रेक बसवलेले असतात, नवे शॉक ॲब्सॉर्बर आणि ठेंगणे स्प्रिंग घातलेले असतात, पॉलियुरेथेनचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या गाद्या) टाकलेले असतात, आणि तरीही गाडी मोटरवेवर थरथरते. चाकं बॅलन्स केली की काही आठवडे बरं चालतं, मग पुन्हा तेच.

कारण बहुतेक वेळा एकच निघतं. अपग्रेड झालं, पण जुनी झीज आणि गंज तसाच आत राहिला. महागडा नवा भाग गंजलेल्या हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा जाम झालेल्या बोल्टवर बसवला तर त्याचा गुण येत नाही. म्हणून पाकिटाला हात घालण्याआधी खालच्या क्रमाने जा.

लक्षणं

कोणता त्रास आहे हे आधी नीट ओळखा. तपासणीचा अर्धा वेळ तिथेच वाचतो.

ताशी ५५ ते ६५ मैलांच्या, म्हणजे साधारण ९० ते १०५ किलोमीटरच्या दरम्यान ब्रेक न लावता स्टिअरिंग थरथरतं आणि वेग त्याच्या खाली किंवा वर गेला की थांबतं: टायर, चाक किंवा चाक हबवर बसण्यातला दोष.

थरथर स्टिअरिंगमध्ये नाही, सीटखाली जाणवते: मागची चाकं.

फक्त ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग हलतं, पायाखाली पॅडल धडधडतं: डिस्क, किंवा डिस्क आणि हबमधला गंज.

ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला जाते: कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), होज (ब्रेकच्या तेलाची रबरी नळी) किंवा पुढचे बुश.

ब्रेक नसतानाही एका बाजूला जाते: टायर, अडकून घासणारा ब्रेक किंवा अलाइनमेंट (चाकांचे कोन). ब्रिटनमधले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे उतरते असतात. त्यामुळे हात सैल सोडल्यावर गाडी किंचित डावीकडे सरकली तर तो दोष नव्हे. उजवीकडे ओढत असेल तर मात्र नक्की काहीतरी आहे.

खड्ड्यात ठक्क असा आवाज येतो, किंवा रस्त्यावरच्या चरांप्रमाणे गाडी स्वतःच दिशा बदलते: सस्पेन्शनचा बॉल जॉइंट, स्टिअरिंगच्या दांड्याचा टाय रॉड एंड, बुश.

ही गाडी इतकी नाजूक का, असं लोक विचारतात. वजन एक टनाच्या आतबाहेर, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म), आणि रस्त्याची बारीकसारीक खबर हातापर्यंत आणणारं स्टिअरिंग. मोठ्या सलूनमध्ये जो असमतोल रबरात जिरून जातो, तो इथे थेट तळहाताला कळतो. याच गुणासाठी आपण ही गाडी घेतो, त्यामुळे तो मारून न टाकता दोष शोधायचा.

फुकटच्या तपासण्या

आधी गाडीचा एमओटीचा, म्हणजे ब्रिटनमधल्या वार्षिक सक्तीच्या तपासणीचा, इतिहास वाचा. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की मागच्या चाचण्यांचे निकाल आणि शेरे मोफत दिसतात. वर्षानुवर्षं ‘पुढच्या खालच्या आर्मचे बुश झिजलेले’ असा शेरा येत असेल आणि मालकाने दरवेळी टायरच बदलले असतील, तर तुम्हाला दिशा मिळाली. मागच्या सिलच्या (दाराखालच्या पत्र्याच्या कडेच्या) गंजाचा शेरा असेल तर तोही लक्षात ठेवा, पुढे जॅक लावताना लागेल.

मग हवा. कारखान्याने या गाडीला चारही चाकांत २६ पीएसआय सांगितलं आहे. टायरवाले सवयीने ३२ ते ३४ भरतात, आणि एवढ्या हलक्या गाडीत त्याने टायर दगडासारखा होतो. सकाळी, गाडी चालवायच्या आधी, थंड टायरमध्ये मोजा. केवळ हवा बरोबर केल्यावर थरथर निम्मी झालेली मी पाहिली आहे.

टायरची तारीख पाहा. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१४’ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. या गाड्या कमी चालतात, म्हणून टायरवर नक्षी भरपूर शिल्लक असते आणि मालक खूश असतो. पण रबर कडक झालेलं असतं, आणि हिवाळाभर एका जागी उभी राहिल्याने टायरला सपाट जागा पडलेली असते. पंधरा-वीस मैल चालवून टायर गरम झाल्यावर थरथर ओसरली तर ती तात्पुरती सपाटी. ओसरली नाही तर टायर गेला. एकाच ॲक्सलवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर असतील तर गाडी ओढण्याचं कारण तेवढंच असू शकतं.

आता पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घाला, बाजू न बदलता. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे. जागची हलली नाही तर हब, डिस्क किंवा स्टिअरिंगकडे वळा. या एका अदलाबदलीने जेवढं कळतं, तेवढं कधी कधी गॅरेजच्या महागड्या तपासणीतही कळत नाही.

चाक नीट बसलंय का

चाक काढलंच आहे तर हबचा चेहरा पाहा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्याचा गंज हबवर पापुद्र्यासारखा साचतो. चाक त्यावर बसलं की ते हबला समांतर राहत नाही. कितीही वेळा बॅलन्स करा, मशीनवर चाक बरोबरच दिसणार, कारण गंज गाडीवर आहे, मशीनवर नाही. वायर ब्रशने हब आणि चाकाची आतली बाजू लख्ख करा. चाकाच्या आत वाळलेला चिखल असेल तर तोही खरवडा.

चाकं मूळची नसतील तर मधलं भोक मोजा. या गाडीच्या हबला ५४.१ मिमीचं भोक लागतं. बाजारातल्या बहुतेक अलॉय चाकांचं भोक त्यापेक्षा मोठं असतं, आणि ते अंतर भरणारी प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग टायर बदलताना हरवलेली असते. रिंग नसली की चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यभागी येतं, म्हणजे बहुतेक वेळा येतच नाही. चार रिंगांची किंमत एका टायरच्या तुलनेत काहीच नाही.

नट आवळताना चाक हवेत असू द्या, समोरासमोरचे नट आलटून पालटून हाताने घ्या, मग गाडी खाली टेकवून टॉर्क रेंचने ८९ ते ११७ न्यूटन-मीटरच्या मध्ये आवळा. गॅरेजमध्ये एअर गनने फाडफाड नट आवळू देऊ नका. एक नट जास्त आणि एक कमी आवळला की डिस्क आणि हब वाकडे दाबले जातात, आणि काही आठवड्यांनी ब्रेक लावताना थरथर सुरू होते. ‘परत परत येणाऱ्या’ दोषाचं हे मोठं कारण आहे.

त्यानंतरच बॅलन्सिंग. मशीन छोटा फरक शून्य दाखवते. या गाडीसाठी खरा आकडा दाखवायला सांगा आणि तो शून्यावर आणून घ्या. टायरवर दाब देऊन गोलाई तपासणारं मशीन जवळपास असेल तर जास्तीचे पैसे देण्यासारखे आहेत, कारण वजनाने संतुलित टायरसुद्धा एका जागी जास्त कडक असू शकतो.

ब्रेक

दहा मैल शांतपणे, शक्य तितका कमी ब्रेक लावत चालवा आणि थांबल्यावर चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या. स्पर्श करू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकात ठळक फरक असेल तर गरम बाजूचा ब्रेक सुटत नाहीये.

बाजू ओळखताना लोक इथे हमखास फसतात. ब्रेक न लावता गाडी डावीकडे जाते, तर डावा ब्रेक घासतोय. पण ब्रेक लावल्यावर डावीकडे जाते, तर बहुतेक वेळा डावा ब्रेक नीट काम करतोय आणि उजवा करत नाहीये. सगळे डावा उघडून साफ करतात, आणि दोष उजवीकडे तसाच बसून राहतो.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बाहेर काढा. कोरड्या किंवा गंजलेल्या असतील तर साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकोनयुक्त ग्रीस लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवतं. नवे मोठे ब्रेक बसवताना जुन्या कॅलिपरच्या पिना तशाच ठेवल्या जातात आणि नवे पॅड एका बाजूने तिरपे झिजतात.

मागचे कॅलिपर या गाडीचा खरा दुखरा भाग आहेत. हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरच्याच आत आहे. हँडब्रेक सोडल्यावर कॅलिपरवरचा छोटा दांडा पूर्ण मागे येऊन टेकतो का ते पाहा. येत नसेल तर केबल किंवा दांड्याचा पिव्होट जाम आहे. ॲडजस्टमेंट करायची असेल तर कॅलिपरच्या मागचा झाकणासारखा बोल्ट काढा. आत ४ मिमीची ॲलन की बसते. घड्याळाच्या दिशेने फिरवत पॅड डिस्कला टेकेपर्यंत न्या, मग साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्या. पॅड बदलताना पिस्टन मागे घ्यायचा तोही याच ॲलन कीने. क्लॅम्पने दाबून पिस्टन आत ढकलला तर आतली यंत्रणा तुटते, आणि मग नवा कॅलिपर घ्यावा लागतो.

ब्रेक सुटत नसेल तर एक सोपी चाचणी आहे. चाक अडकलेलं असताना त्या कॅलिपरचा ब्लीड निपल (तेल सोडायची छोटी तोटी) जरासा उघडा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब वरून अडकलाय. जुना रबरी होज आतून फुगून तेल परत येऊ देत नाही, हे त्याचं नेहमीचं कारण. निपल उघडूनही चाक अडकलेलंच राहिलं तर पिस्टन किंवा पिना जाम. ही चाचणी केल्यावर ब्रेक ब्लीड करायलाच हवेत, म्हणजे आतली हवा काढायला हवी, आणि त्याच निमित्ताने तेलही बदला. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सियस, पाणी शोषल्यावर किमान १५५. वेल्समधल्या लांब उतारावर तेल उकळून पॅडल मऊ पडण्याचं कारण या फरकात आहे. दोन वर्षांनी तेल बदलायचं, गाडी चालली असो वा नसो.

आता डिस्क. ‘डिस्क वाकली’ असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. एक तर डिस्क आणि हबच्या मध्ये गंज असतो, किंवा पॅडचं मटेरियल डिस्कवर असमान चिकटलेलं असतं. डिस्क काढा, हब घासा, डिस्क वेगळ्या भोकांवर फिरवून बसवा आणि डायल गेजने मोजा. डोलणं ०.१ मिमीपेक्षा जास्त नको. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. नवे पॅड आणि डिस्क टाकल्यावर त्यांना बसू द्या: मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० मैलांपर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक, पूर्ण न थांबता, आणि मग पॅडलवर पाय न ठेवता थंड होऊ देत चालवणं. गरम पॅड एका जागी दाबून उभं राहिलं की तिथेच मटेरियल चिकटतं आणि धडधड सुरू होते.

सस्पेन्शन आणि स्टिअरिंग

इथून गाडी उचलावी लागते. पुढे जॅक क्रॉसमेंबरच्या मध्यावर, मागे डिफरेन्शियलच्या खाली. स्टँड सिलच्या मजबूत जागांवर. मागच्या चाकांच्या पुढचा सिल या गाडीत आतून सडतो आणि वरून रंग छान दिसतो. बोटाने दाबल्यावर पत्रा करकरला तर तिथे स्टँड लावू नका आणि गाडीखाली जाऊ नका.

चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (सैलपणा) जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर हब बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. तिथला प्ले टाय रॉड एंडचा किंवा रॅकच्या (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेच्या) आतल्या जॉइंटचा. रॅकचे रबरी बूट फाटले असतील तर आत पाणी गेलेलं आहे, नुसता बूट बदलून भागणार नाही.

बुश पाहण्यासाठी आर्मजवळ लहान पहार घालून हलकेच उचला. रबर चिरलेलं असेल तर ब्रेक लावताना आर्म मागे सरकतो आणि चाकाचा कोन बदलतो.

नवे रबरी बुश काही महिन्यांतच फाटतात अशी तक्रार असेल तर ते कसे आवळले ते विचारा. आर्मचे बोल्ट गाडी हवेत, चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. शेवटचा आवळा गाडी आपल्या वजनावर उभी असतानाच द्यायचा. पॉलियुरेथेनच्या बुशना हा नियम लागू नाही, पण त्यांना योग्य ग्रीस लागतं, नाहीतर ते करकरतात.

आणि आता ज्या कारणासाठी मी मुळात लिहायला बसले ते. या गाडीचं अलाइनमेंट खालच्या आर्मच्या एक्सेंट्रिक बोल्टांनी (फिरवले की आर्म सरकवणाऱ्या बोल्टांनी) होतं. प्रत्येक चाकाला दोन, एकूण आठ. मिठामुळे हे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. अलाइनमेंटवाला पाना लावतो, बोल्ट हलत नाही, मग तो टाय रॉडवरून पुढचं टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) तेवढं सारखं करतो आणि बिल देतो. कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) डाव्या-उजव्या बाजूला वेगळेच राहतात. गाडी ओढत राहते, आणि मालक म्हणतो, ‘अलाइनमेंट तर आत्ताच केलं.’ आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. कॅम्बर-कॅस्टरचे आकडे दोन्ही कागदांवर जसेच्या तसे असतील तर बोल्ट हललेलेच नाहीत. ठेंगणे स्प्रिंग घातलेल्या गाडीत हे आणखी बोचतं, कारण उंची बदलली की सगळे कोन बदलतात.

मी रस्त्यासाठी पसंत करते ते आकडे: पुढे कॅम्बर उणे एक अंशाच्या आसपास, कॅस्टर पाचच्या जवळ आणि दोन्हीकडे सारखा, मागे कॅम्बर पुढच्यापेक्षा थोडा जास्त, टो चारही चाकांना किंचित आत. शक्य असेल तर चालकाच्या सीटवर तुमच्याएवढं वजन ठेवून घ्या.

कुठे थांबायचं

पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, कॅलिपर गळत असेल किंवा लोखंडी ब्रेक पाइप खवल्यांनी गंजलेला असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टो ट्रकवर घालून न्या.

एक्सेंट्रिक बोल्ट तेलाने आणि धीराने सुटले नाहीत तर थांबा. पुढचं काम आगीने तापवण्याचं किंवा कापण्याचं असतं, शेजारी ब्रेकचे होज असतात आणि रबरी बुशही जळतो. त्यासाठी लिफ्ट, सराव आणि बहुतेक वेळा नवे आर्म लागतात. स्प्रिंग दाबून शॉक वेगळा करण्याचं कामही योग्य कॉम्प्रेसर आणि अनुभव नसेल तर हाती घेऊ नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते. एअरबॅग असलेलं स्टिअरिंग व्हील उघडू नका. सडलेला सिल वेल्डरकडेच जाणार. आणि बोल्ट मोकळे असूनही कॅस्टर दोन्हीकडे सारखा येत नसेल, तर गाडीला कधीतरी अपघात झालेला असू शकतो. सबफ्रेम मोजून देणारा माणूस गाठा.

मग अपग्रेड

वरचं सगळं निस्तरल्यावर गाडी चालवून पाहा. बऱ्याच जणांना अपग्रेडची गरजच उरत नाही. ज्यांना उरते त्यांच्यासाठी थोडक्यात.

१.६ इंजिनाच्या गाडीत पुढची डिस्क २३५ मिमीची, १.८ मध्ये २५५ मिमीची. १.८ चे ब्रॅकेट, डिस्क आणि पॅड हा मला सर्वांत समंजस बदल वाटतो, कारण मूळच्या १४ इंची चाकांत तो बसतो. फक्त पुढचे मोठे करून मागचे तसेच ठेवू नका, ब्रेकचा तोल पुढे सरकतो. शर्यतीचे पॅड रस्त्यावर घालू नका, ते तापल्याशिवाय धरत नाहीत आणि पहिल्याच सिग्नलला तर ते थंड असतानाच धरायला हवे असतात.

सस्पेन्शन फार खाली नेऊ नका. या गाडीच्या शॉकला वर जाण्याचा प्रवास मुळातच कमी आहे, आणि तो संपला की गाडी बम्प स्टॉपवर (प्रवास संपल्यावर लागणाऱ्या रबरावर) उड्या मारते. त्या उड्यांना लोक कडक शॉकचा दोष समजतात आणि आणखी कडक शॉक घेतात. पॉवर स्टिअरिंग काढून टाकायचं असेल तर लक्षात घ्या, पॉवर रॅकचं गुणोत्तर जलद आहे, साधारण १५:१, तर साध्या रॅकचं १८:१. पॉवरचा रॅक पंपाशिवाय वापरला तर पार्किंग करताना हात भरून येतात. साधा रॅकच मिळवून बसवणं जास्त बरं.

यातला प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवा, आणि काम संपल्यावर पहिल्या पन्नास मैलांनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.